टेपांची कोठी

दिवाळीची साफसफाई निघाली, की आमच्या घरी एक प्रसंग ठरलेला. माळ्यावर, जुन्या पाळण्याच्या मागे माझा एक पत्र्याचा डबा आहे. सूनबाई दर वर्षी तो खाली काढते, झटकते आणि मला न दुखावता विचारते, "आई, हे द्यायचं का आता रद्दीवाल्याला?" मी दर वर्षी म्हणते, "राहू दे ग एवढं वर्ष." यंदा मात्र नात मध्ये पडली. ती संगणकाचेच काम करते. तिने सरळ डबा उघडला. आत निघाला भोके पाडलेल्या कार्डांचा एक गठ्ठा, त्यांच्या पाठीवर सासूबाईंच्या हातच्या वाणसामानाच्या याद्या. जेवणाच्या ताटाएवढे एक रिकामे रीळ. आणि प्लॅस्टिकची एक कडी. नातीने ती कडी हातात चढवून पाहिली.

"आजी, ही कसली ग एवढी मोठी बांगडी?"

"त्या बांगडीपायी मी एकदा तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता," मी म्हटले.

झाले! माळ्याची सफाई तिथेच थांबली आणि मला सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. तेच आता तुम्हांला सांगते.

मी १९६६ साली नोकरीला लागले तेव्हा वीस वर्षांची होते. बॅलार्ड इस्टेटमधली एक बरीच मोठी कंपनी. तिचा कारखाना ठाण्याला. कंपनीचे नाव मी सांगणार नाही, कारण पुढे जी फजिती सांगायची आहे तीत कंपनीचा दोष थोडा आणि माझा फार. मॅट्रिकला गणित बरे होते आणि टायपिंगची परीक्षा झाली होती, एवढ्या भांडवलावर मला 'पंच ऑपरेटर' म्हणून घेतले. घरी वाटले, मुलगी कसल्याशा छापखान्यात लागली. आमच्या खोलीत आम्ही चौदा मुली ओळीने बसत असू आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसता खडखडाट! हजेरीच्या वह्या, बिले, मालाच्या पावत्या, सगळ्यांचे आकडे आम्ही कार्डांवर भोकांच्या रूपाने उतरवत असू.

ते कार्ड साधारण साडेसात इंच लांब आणि सव्वातीन इंच रुंद. त्यावर ऐंशी उभे रकाने. एका रकान्यात एक अक्षर किंवा एक आकडा. आकड्याला एक भोक, अक्षराला दोन. म्हणजे एका कार्डावर ऐंशी अक्षरे, बस्स. गमतीची गोष्ट अशी की ही कल्पना मुळात कचेरीतली नव्हेच. भोकांच्या पुठ्ठ्यांवरून कापडावर नक्षी विणण्याची युक्ती फ्रान्समध्ये जॅकार्ड नावाच्या विणकराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केली होती. पुढे अमेरिकेत हर्मन हॉलेरिथ याने १८९० च्या जनगणनेसाठी कार्डे मोजणारी यंत्रे केली. १८८० च्या जनगणनेचे आकडे जुळवता जुळवता तिथल्या सरकारची सात-आठ वर्षे गेली होती. हॉलेरिथला कल्पना सुचली ती आगगाडीत. तिकिटे बदलली जाऊ नयेत म्हणून तिथले कंडक्टर तिकिटाच्या कडेला भोके पाडून उतारूचे वर्णनच नोंदवीत: केस काळे की पिंगट, नाक मोठे की लहान. त्याच हॉलेरिथची कंपनी पुढे इतर कंपन्यांत मिसळली आणि १९२४ पासून तिचे नाव झाले आयबीएम. आम्ही वापरत होतो ते ऐंशी रकान्यांचे कार्ड १९२८ सालचे.

एक मुलगी कार्ड पाडी, दुसरी मुलगी तोच कागद समोर ठेवून दुसऱ्या यंत्रावर तेच आकडे पुन्हा दाबी. दोघींचे जुळले तर कार्डाच्या कडेला एक खाच पडे. जुळले नाही तर कार्ड परत! ही तपासनीस मुलगी आमच्यात कुणालाच आवडत नसे. मी वर्षभर तपासनीस होते.

पावसाळा हा आमचा शत्रू. मुंबईच्या दमट हवेत कार्डे फुगत आणि यंत्रात अडकत. म्हणून कार्डांना थंड हवेची खोली. बाहेर आम्ही घामाने न्हालेल्या, आणि आत स्वेटर घालून बसलेल्या. लोकलमधून जूनमध्ये स्वेटर नेणाऱ्या त्या बायका आम्हीच.

खोलीच्या पलीकडे काचेच्या भिंतीमागे कंपनीचा संगणक होता, आयबीएम १४०१ जातीचा. मुंबईत या जातीचे पहिले यंत्र १९६१ मध्ये एस्सो तेल कंपनीत आले होते. व्यापारी कामासाठी संगणक वापरण्याची या देशातली सुरुवात तिथलीच. लोकांना या यंत्रांची धास्तीही फार. आमच्या चाळीत मला विचारत, "तुझ्या त्या यंत्रानं किती कारकुनांच्या नोकऱ्या खाल्ल्या ग?" तेव्हाच्या कलकत्त्यात तर आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक इमारतीत येऊ नये म्हणून पहारे दिले. मला तेव्हा त्यांचा राग येई. आता येत नाही. पगार चालू असला, की दुसऱ्याच्या भीतीला हसणे सोपे असते.

या १४०१ ची गंमत अशी, की त्याला स्वतःची आठवण फारच थोडी. जास्तीत जास्त सोळा हजार अक्षरे. आमच्या कार्डांच्या भाषेत दोनशे कार्डे. ही आठवण म्हणजे मोहरीएवढ्या चुंबकी कड्या, तारांच्या जाळ्यात ओवलेल्या. त्या ओवण्याचे काम परदेशात बहुतेक बायकाच हाताने करीत. मी ती जाळी एकदा उघडी पाहिली तेव्हा मला मंगळसूत्र गाठवणाऱ्या पटवेकऱ्याची आठवण झाली. पण तीन हजार कामगारांचे वर्षभराचे हिशेब दोनशे कार्डांच्या जागेत कसे मावणार? ते ठेवायचे टेपवर. यंत्राने थोडे आत घ्यायचे, बेरीज-वजाबाकी करायची, दुसऱ्या टेपवर लिहायचे, की पुढचे थोडे घ्यायचे.

१९६९ मध्ये माझी त्या टेपांच्या खोलीवर बदली झाली. हुद्दा 'टेप लायब्ररीयन'. नाव मोठे, काम कोठीवालीचे. साडेतीनशे रिळे, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाची रजिस्टरात नोंद: कधी बाहेर गेले, कुठल्या कामाला, कधी आले, त्यावर काय आहे, कधीपर्यंत पुसायचे नाही.

टेप म्हणजे अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची फीत, लोखंडाच्या ऑक्साइडचा तांबूस लेप दिलेली. एका रिळावर २,४०० फूट. यंत्रावर ती सेकंदाला ७५ इंच धावे, क्षणात थांबे आणि क्षणात पुन्हा सुटे. जड रिळाला असे धक्के दिले तर फीत तुटायचीच. म्हणून फितीचा एकेक झोल दोन उभ्या पोकळ खांबांत, हवा ओढून, लोंबत ठेवलेला असे. रीळ सावकाश फिरे, झोल वर-खाली नाचे. १९५२ मध्ये काढलेली ही युक्ती, आणि बघायला आलेले पाहुणे त्या नाचणाऱ्या झोलांसमोरून हलत नसत. फितीवर सात समांतर वाटा. सहांत अक्षर आणि सातवी तपासणीची. धोब्याला कपडे देताना वहीत 'एकूण तेवीस' लिहितो ना, तसे. परत आले बावीस, तर काहीतरी हरवले हे कळते. काय हरवले ते कळत नाही.

आणि जागेची उधळपट्टी किती! एका कार्डाचा मजकूर आमच्या टेपवर जेमतेम इंचाच्या सातव्या हिश्श्यात बसे, पण यंत्राला थांबायला आणि पुन्हा वेग घ्यायला पुढे पाऊण इंच फीत कोरी सोडावी लागे. म्हणजे घासापेक्षा पाणीच पाचपट! म्हणून दहा-दहा नोंदींची जुडी बांधून लिहायचे. वेळही वाचे, फीतही.

आता ती कडी. प्रत्येक रिळाच्या पाठीवर एक खोबण असते. त्या खोबणीत कडी बसवली तरच यंत्र त्या टेपवर लिहू शकते. कडी काढली की टेप फक्त वाचता येते. कडी नाही तर लिहिणे नाही, हा आमच्या खोलीचा गायत्रीमंत्र. नवी लिहिलेली टेप माझ्या हातात आली की पहिली कडी काढायची, मग चिठ्ठी डकवायची, मग रजिस्टर.

आणि दुसरा नियम पिढ्यांचा. दर महिन्याला जुन्या टेपेवरचे हिशेब आणि त्या महिन्याची कार्डे एकत्र करून यंत्र नवी टेप लिही. ही नवी टेप म्हणजे लेक, जुनी म्हणजे बाप, त्याच्याही आधीची म्हणजे आजा. तिन्ही पिढ्या सांभाळायच्या. लेकीचे काही बरेवाईट झाले तर बाप आणि कार्डे घेऊन लेक पुन्हा जन्माला घालता येते. बापही गेला तर आजा आहे. हा नियम जगभर चाले आणि साहेबलोकही त्याला आजा-बाप-लेक असेच म्हणत.

१९७१ ची दिवाळी ऑक्टोबरात होती. ठाण्याच्या कारखान्यातला बोनस सप्टेंबरअखेरच्या मिळकतीवर ठरायचा आणि धनत्रयोदशीच्या आत वाटायचा, असे युनियनशी ठरलेले. सप्टेंबरची नवी टेप माझ्या हातात आली आणि त्याच वेळी शेजारणीचा फोन आला, की बाळाला ताप भरलाय. दोन वर्षांचा होता माझा मुलगा. मी साहेबांना सांगून निघाले. निघताना हातातले रीळ समोरच्या रॅकवर ठेवले. ते रॅक कोऱ्या टेपांचे होते. चिठ्ठी डकवली नव्हती, आणि कडी पाठीवर तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटरने कोरी समजून ती टेप चढवली आणि तिच्यावर विक्रीखात्याचा अहवाल लिहिला. टेपच्या तोंडाशी तिचे नाव लिहिलेले असते आणि लिहिण्याआधी ते वाचून पाहायला यंत्राला शिकवता येते. पण दोन मिनिटे वाचावीत म्हणून आमच्याकडे तो तपास गाळला होता. तीन हजार माणसांची वर्षभराची मिळकत गेली.

मला कळले तेव्हा पायांखालची जमीन सरकली. तरी आतून वाटत होते, बाप आहे ना! ऑगस्टची टेप आणि सप्टेंबरची कार्डे लावू, दुपारपर्यंत लेक तयार. ऑगस्टची टेप चढवली. ती मध्यावर एका जागी अडली, मागे गेली, पुन्हा अडली. फितीला बारीकशी चुणी पडली होती. ती सातवी वाट सांगत होती, हिशेब जुळत नाही. दहादा प्रयत्न करून ऑपरेटर माझ्याकडे पाहत राहिला.

मग आजा. जुलैची टेप सुखरूप होती. पण जुलैवरून सप्टेंबरला यायचे तर ऑगस्टची कार्डे हवीत. ऑगस्टची कार्डे आम्ही आठवड्यापूर्वी रद्दीत काढली होती. त्या पुठ्ठ्याला चांगला भाव येई.

साहेबांच्या खोलीत जाऊन मी सांगितले, "चूक माझी आहे. कडी मी काढली नाही." ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "रद्दी गेली का खरंच?" आणि आमचे शिपाईमामा दारातूनच म्हणाले, "न्हाई साहेब. मेला पैसं कमी देत व्हता. जिन्याखाली दोन पोती पडल्यात."

त्या शिपाईमामांच्या घासाघिशीने तीन हजार घरांची दिवाळी वाचवली, हे मी आजही खरे मानते.

पोती खोलीत आणून आम्ही उलटी केली. बारा हजारांवर कार्डे, उलटीसुलटी, काहींवर झुरळांचा प्रसाद. सगळ्याजणी जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि आधी नुसती सरळ केली. कार्डाचा एक कोपरा कापलेला असतो, त्यावरून उलटे-सुलटे कळते. मग ती निवडणाऱ्या यंत्रात घातली. ते यंत्र मिनिटाला साडेसहाशे कार्डे निवडी, पण एका फेरीत एकच रकाना पाही. कामगाराचा नंबर चार आकडी. म्हणून शेवटच्या आकड्यापासून सुरुवात करून चार फेऱ्या. यंत्राचे काम सव्वा तासाचे. पण कप्पे भरले की उचला, क्रमाने रचा, पुन्हा घाला, यांत अर्धी रात्र गेली. चाळीस-पन्नास कार्डे ओल लागून वाया गेली होती. त्यांच्यासाठी ठाण्याच्या टाइमकीपरना हजेरीबुक घेऊन बसवले. ते फोनवर आकडे सांगत होते आणि मी पाडत होते. दोन वर्षांत मशीनला हात लावला नव्हता, पण बोटांना आठवण होती.

रात्री आठ वाजता हे डबा आणि शाल घेऊन आले. "बाळाचा ताप उतरलाय, आई बसल्या आहेत जवळ," एवढे सांगून बाहेर बाकावर बसून राहिले. त्या काळी बायको रात्रभर कचेरीत म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको. यांनी चाळीत कुणाला काय सांगितले ते मी कधी विचारले नाही.

तिसऱ्या पहाटे लेक पुन्हा जन्मली. बोनस धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी वाटला गेला. कामगारांना यातले काहीच कळले नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळे सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "अग, वर्षाचं लोणचं मी कधी एका बरणीत घालते का? एक आपल्याकडे, एक वन्संकडे. बुरशी आली तर एकाच बरणीला येते." दुसऱ्या दिवशी मी साहेबांना हेच सांगितले, फक्त बरणीच्या जागी टेप म्हटले. तेव्हापासून आमच्या कंपनीत शुक्रवारची टेप सुरू झाली. दर शुक्रवारी महत्त्वाच्या टेपांची नक्कल ठाण्याच्या कारखान्यात एका लोखंडी कपाटात जाई. पहिली काही वर्षे ती मीच नेत असे, व्ही.टी.हून लोकलने, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत. गाडीच्या मोटारीच्या चुंबकाने टेप पुसेल, म्हणून मधल्या डब्यात बसायचे, असा एका इंजिनियरांचा दंडक होता. खरे म्हणजे चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो आणि भीतीचे काही कारण नव्हते. पण मी बसत असे. कुणी सांगावे!

आता थोडे डिस्कबद्दल, कारण टेपचे राज्य तिने खालसा केले. टेपवर एखाद्याची नोंद शोधायची तर पोथी पहिल्या पानापासून उलटत जावी लागते. आमची पूर्ण टेप एकदा धावायला साडेसहा मिनिटांच्या आसपास लागत. महिन्याच्या पगाराला हे चालते. सगळ्यांचेच काम असते. पण गिऱ्हाईक समोर उभे आहे आणि त्याची बाकी सांगायची आहे, तिथे काय उपयोग? तिथे हवा मिसळणाचा डबा, ज्यात हात थेट हळदीवर जातो. तो पहिला डबा आयबीएमने सप्टेंबर १९५६ मध्ये बाजारात आणला; नाव रॅमॅक. कॅलिफोर्नियात सॅन होझे इथे तो तयार करणाऱ्या मंडळींचे प्रमुख होते रेनल्ड जॉन्सन, मूळचे शाळामास्तर. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक, मिनिटाला १,२०० फेरे, वजन टनाहून जास्त. आणि एवढ्या थाटात मावत होती पन्नास लाख अक्षरे. म्हणजे आमची साडेबासष्ट हजार कार्डे. तबकडीवर चुंबकी रंग सारखा पसरावा म्हणून तो बायकांच्या रेशमी पायमोज्यातून गाळून फिरत्या तबकडीवर ओतीत, असे सांगतात. मला हे फार पटते. आम्ही नाही का पुरणाला जे हाताशी असेल ते गाळणे घेत!

आमच्याकडे डिस्क आली ती सत्तरीच्या मध्यावर. चौदा इंची तबकड्यांची चळत, केकवर झाकण घालावे तशा पारदर्शक झाकणातून उचलून नेता येणारी. असा उचलता डिस्कपॅक पहिल्यांदा १९६२ मध्ये निघाला होता. त्यात वाचणारे टोक तबकडीला टेकत नाही. फिरण्याने जो वारा सुटतो त्याच्या पातळ थरावर तरंगते. धुळीचा कण किंवा सिगारेटच्या धुराचा कणही त्या फटीपेक्षा मोठा. तो मध्ये आला की टोक तबकडीवर आदळते आणि लेप खरवडून काढते. त्याचा आवाज मी एकदा ऐकला आहे. परातीवर नखे ओढल्यासारखा. म्हणून १९७३ पासून टोक आणि तबकड्या एकाच बंद पेटीत घालू लागले. त्या पेटीला विंचेस्टर बंदुकीवरून नाव पडले, आणि आज घराघरांत जी हार्डडिस्क आहे ती त्याच वंशातली. आताच्या डिस्कमध्ये ती फट इतकी बारीक आहे, की तिच्यापुढे आपला केस म्हणजे डोंगर.

मधल्या वर्षांचा फार पाल्हाळ लावत नाही. १९७८ मध्ये आयबीएमने इथला गाशा गुंडाळला आणि आमची म्हातारी यंत्रे सरकारी सीएमसीने दुरुस्त करत चालवली. फ्लॉप्या आल्या, आधी आठ इंची, मग सव्वापाच, मग साडेतीन. फ्लॉपीचा मला कधी भरवसा वाटला नाही. माझ्या एका सहकारिणीने एक फ्लॉपी कागद म्हणून फाइलला टाचून दिली होती. नव्वदीत टेप आकसून काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी झाली. २००४ मध्ये मी निवृत्त झाले तेव्हा माझी साडेतीनशे रिळांची कोठी एका कपाटाच्या दोन खणांत आली होती.

निवृत्तीला वर्ष होते न होते तोच २६ जुलै २००५ चा पाऊस झाला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर! कंपनीचे कार्यालय तोवर उपनगरात हलले होते आणि संगणकांची खोली तळमजल्यावर होती. तिसऱ्या दिवशी एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला, "मॅडम, तुम्ही एकदा येऊन जाल का?" मी चिखल तुडवीत गेले.

त्यांच्याकडे पाच डिस्का एकमेकींना सांभाळून घेतील अशा जोडलेल्या होत्या. ही पद्धत कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातल्या तिघांनी १९८८ मध्ये एका निबंधात मांडली. चार दुकानांची बिले आणि त्यांची एकूण बेरीज पाचव्या कागदावर, असे समजा. एक बिल हरवले तर बेरजेतून बाकीची तीन वजा करा, हरवलेले मिळते. मोठी हुशारीची युक्ती. पण पाचही कागद एकाच पुरात भिजले तर? आणि नकलेच्या टेपा शेजारच्याच कपाटात होत्या. कपाट आगीपासून रक्षण करणारे होते. पाण्याविषयी त्यावर काही लिहिलेले नव्हते.

"आणि शुक्रवारची टेप?" मी विचारले.

तो म्हणाला, "ती कुठली?"

खर्चकपातीत शुक्रवारची टेप कुठल्याच यादीत नव्हती. ठाण्याला फोन लावला. तिथल्या स्टोअरकीपरने सांगितले, की दर शुक्रवारी वरच्या कचेरीतला एक मुलगा टेप आणून देतो, मी सही करून कपाटात ठेवतो. बंद करा असे मला कुणी सांगितले नाही. तो मुलगा आमच्या शिपाईमामांचा पुतण्या होता. मामांनी निवृत्त होताना त्याला काम सोपवले आणि तो ते करत राहिला. २६ तारीख मंगळवारची होती. शेवटची टेप २२ जुलैची. तशा टेपांचे दुसरे यंत्र उसने आणले आणि ती लावली. मी तिथेच खुर्चीत बसले होते, हातात चहा तसाच. पगार आले, भविष्यनिर्वाह निधी आला, जमाखर्च आला. पण व्यापाऱ्यांच्या मागण्या आल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी मागण्यांसाठी नवी पद्धत बसवली होती आणि तिचे नाव नकलेच्या यादीत घालायचे राहून गेले होते. त्या शेवटी गावोगावच्या व्यापाऱ्यांना फोन करून पुन्हा लिहून घेतल्या. महिना गेला. टेप भरत होती, पण ती परत लावून पाहावी असे दोन वर्षांत कुणाला वाटले नव्हते. मी असते तर वाटले असते का? देव जाणे. माझ्या काळातही तशी पाहणी आम्ही वर्षातून एकदा करायचो, तीही ऑडिटर यायच्या आठवड्यात.

"आजी, आता हे काही लागत नाही," नात म्हणाली. "सगळं क्लाउडमध्ये असतं." क्लाउड म्हणजे ढग नव्हे एवढे मला कळते. ॲमेझॉनने २००६ मध्ये लोकांचा मजकूर भाड्याने सांभाळायला सुरुवात केली, आणि २०१६ पासून तिची मुंबईतही कोठारे आहेत. ऐरोली-महापेच्या बाजूला ज्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात, त्यांतल्या कित्येकांत दुसऱ्यांच्या आठवणीच थंड हवेत ठेवलेल्या आहेत. आमच्या स्वेटरांची तेवढी आठवण झाली. आत आता डिस्कांच्या जोडीला फ्लॅशचे तुकडे असतात. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ते जगापुढे मांडले. त्यात फिरणारे काही नाही. विजेचे कण एका बंद कप्प्यात कोंडायचे. कोंडले तर शून्य, नसले तर एक. चपळाई विलक्षण. पण सारखे लिहून-पुसून कप्पे झिजतात, आणि वर्षानुवर्षे वीज न देता पडून राहिले तर कोंडलेले कण हळूहळू निसटतात.

मी नातीला विचारले, "मग तुझ्या त्या क्लाउडवाल्यांकडे टेप नसेलच?" ती हसली. मग मीच तिला सांगितले. फेब्रुवारी २०११ मध्ये एका चुकीने जीमेलच्या काही लोकांची सगळी पत्रे नाहीशी झाली. गूगलकडे त्यांच्या अनेक नकला होत्या, निरनिराळ्या ठिकाणच्या डिस्कांवर. पण चूक प्रोग्रॅममधलीच होती, ती सगळ्या नकलांना एकदम भोवली. पत्रे परत आणली ती टेपवरून. कपाटात पडलेल्या टेपला कुठलाही प्रोग्रॅम पुसू शकत नाही. टेप अजून बनते. २०२१ साली आलेल्या एका तळहाताएवढ्या डबीत अठरा लाख कोटी अक्षरे मावतात. म्हणजे छत्तीस लाख रॅमॅक. नातीने हिशेब फोनवर करून पाहिला आणि गप्प बसली.

मग तिने एक गोष्ट सांगितली. यांचे आवाज, पंचाहत्तरीच्या दिवशी नातवंडांना सांगितलेल्या गोष्टी, तिने तेव्हा फोनवर घेतल्या होत्या. त्या एकाच ठिकाणी आहेत. तिच्या जुन्या लॅपटॉपवर, आणि तो हल्ली सुरू व्हायला कुरकुर करतो. हे जाऊन आता सहा वर्षे झाली. मी काही बोलले नाही. कडी हातात होती, ती टेबलावर ठेवली.

त्याच रात्री तिने दोन डिस्कांवर सगळे उतरवले. दोन्हींवरचे आवाज मी कानाला लावून ऐकले, शेवटपर्यंत. चिठ्ठ्या मी लिहिल्या, तारखेसकट. एक डिस्क माझ्या त्या पत्र्याच्या डब्यात आहे. दुसरी, फराळाच्या डब्याबरोबर, पुण्याला माझ्या नणंदेकडे पाठवली. चकल्या मऊ पडल्यात, असा तिचा कालच निरोप आला. डिस्कचे तिने काही कळवलेले नाही. आज दुपारी फोन करून विचारते.